आत्याचा गुडघा

गुडघ्याच्या दवाखान्यातल्या नर्सचा गोड बोलण्यात कुणी हात धरू शकत नसे. बाकावर बसलेल्या रुग्णांना ती सांगायची, "मूळ पेशी बारीक कण सोडतात. एक्सोसोम म्हणतात त्यांना. त्यांचं इंजेक्शन घेतलं की झिजलेला सांधा पुन्हा भरतो बघा!" याला अजून पुरता पुरावा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एकदा बाकावर तिची सख्खी आत्याच येऊन बसली. हातातला ट्रे तसाच घेऊन नर्सनं आत्याला कोपऱ्यात ओढलं. "आत्या, हे इंजेक्शन नको घेऊस. गुण येतोच असं नाही गं."

आत्याचा आवाज मुळातच खणखणीत. "मग ही बसलेली माणसं कुणाची आत्या, कुणाचे काका नाहीत होय गं?"

बाकावरच्या सगळ्यांनी वळून पाहिलं. नर्सनं मान खाली घातली, तर ट्रेमध्ये पुढच्या आजोबांचं इंजेक्शन भरून तयार होतं.