औशाकडचा रस्ता

लग्न होऊन मी नांदेडहून लातूरला आले तेव्हा घरात सामान म्हणावं असं फारसं काही नव्हतं. एक पलंग, पुस्तकांची फळी, आणि बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकवलेली गिअरची सायकल. माझे यजमान एका खाजगी क्लासमध्ये बायोलॉजी शिकवायचे. गल्लोगल्ली क्लासेस निघत होते. बीड-परभणीकडची पोरं पत्र्याच्या ट्रंका घेऊन उतरायची आणि ज्याच्याकडं एक खोली जास्तीची तो ती भाड्यानं द्यायचा. आठवडाभर पहाटेपासून यांच्या बॅचा चालायच्या. रविवार मात्र सायकलचा.

मला ते सोबत नेत नसत, पण आल्यावर जेवताना सगळा रस्ता सांगत. कुठं चढ दम काढतो, कुठं उतारावर नुसतं बसून राहायचं. कंधारला किल्ल्याजवळच्या तळ्याला वळसा घालताना वारा एकदम गार लागतो, ते सांगत. माझ्या माहेरी नांदेडला गेलो की ते हमखास अर्धापूरच्या केळीच्या बागांमधून पुढं सहस्रकुंडाकडं निघायचे. तिथं मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परत. "पैनगंगा साधीसुधी वाहत येते गं," ते म्हणायचे, "अन् मग जमीनच संपते. काळा दगड असा उभा चिरलाय, अन् नदी त्यात पडते." माझे वडील रेल्वेच्या ऑफिसातले, त्यांना जावयाचं हे वेड कळायचं नाही. पण ऐकत बसायचे.

उदगीर, वडवळचं बेट म्हणतात ती टेकडी, मांजरेचा काठ, सगळीकडं ते जाऊन आले. औशाच्या रस्त्याला मात्र कधी लागले नाहीत. एकदा त्यांच्या मित्रांनी त्याच रस्त्यानं तेरणेच्या धरणाकडं जायचं ठरवलं, तर यांनी ताप आल्याचं सांगितलं. ताप नव्हता. त्या रस्त्यावर पुढं त्यांचं गाव होतं.

स्थळ आलं तेव्हाच आम्हाला सांगितलं होतं की मुलाच्या मागं-पुढं कोणी नाही. भूकंप झाला त्या रात्री हे कॉलेजसाठी लातुरात होस्टेलवर होते, म्हणून वाचले. त्याबद्दल ते माझ्याशी एकदाच बोलले. सकाळी एसटीचा पत्ता नव्हता, तेव्हा मित्राची सायकल घेऊन ते गावाकडं निघाले. पोचले तर गल्लीच उरली नव्हती, नुसते दगडमातीचे ढीग. कुठलं घर कुणाचं, कळेना. "एका ढिगाखालून आमची म्हैस वरडत होती. तिच्या आवाजावरनं घर सापडलं." म्हैस जिवंत निघाली. आई, वडील आणि धाकटी बहीण निघाले नाहीत.

एवढं सांगून ते उठून हात धुवायला गेले. मी पुन्हा कधी विचारलं नाही.

डोळ्यांचं आम्हाला उशिरा कळलं. ते उभ्या मोटारसायकलींना धडकू लागले. वर्गात कडेला बसलेल्या पोरांचे वर केलेले हात त्यांना दिसेनात. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी जपायची, म्हणाले. आम्ही जपली. थेंब घातले, ऑपरेशन केलं. तरी ती गेलीच. शेवटी शेवटी ते फळ्यावर आठवणीनं हृदयाची आकृती काढत, आणि रेघांवर रेघा चढत. एके दिवशी घरी येऊन म्हणाले, "पोरं हसली न्हाईत गं. हसली असती तर बरं झालं असतं." दुसऱ्या दिवसापासून ते क्लासला गेले नाहीत.

भिंतीला टेकलेल्या सायकलवर ते हात फिरवत बसायचे. मला ते बघवेना. आमच्या मागच्या गल्लीत वेल्डिंगचं दुकान चालवणारे एक चाचा होते. त्यांना मी विचारलं, दोन सायकली जोडून एक करता येईल का? त्यांनी केली. पुढं एक सीट, मागं एक सीट, दोन्हीकडं पायडल. पण ताब्यात देईनात. आधी चाचींना मागं बसवून गल्लीत स्वतः दोन फेऱ्या मारल्या. चाची जीव मुठीत धरून ओरडत होत्या आणि पोरंटोरं मागं पळत होती. मग म्हणाले, "अब ले जाव, बेटा. मास्तरांना पाडू नको."

पाडलं मी, दोन-तीनदा. नांदेडला शाळेत सायकल चालवली होती तेवढीच. पण जमलं. दोघांचे पायडल एका साखळीत असल्यानं मागं त्यांचा जोर किती हे माझ्या पायाला कळायचं. पहिल्यांदा लांब गेलो ते कंधारला, सायकल टेम्पोत टाकून. तळ्याच्या कडेनं मी हळूहळू चालवत होते आणि दिसेल ते सांगत होते.

"उजवीकडं पाणी आलं. किल्ल्याचा बुरूज पाण्यात उलटा दिसायलाय."

"बगळे हायेत का?"

"हायेत. एक म्हशीच्या पाठीवर बसलाय."

ते हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. त्या वर्षी आम्ही बरंच फिरलो. सहस्रकुंडही मी त्यांच्यामुळंच पाहिलं. कठड्याशी उभं राहून ते नुसता आवाज ऐकत होते आणि मी त्यांना काळ्या दगडाची चीर सांगत होते, त्यांनीच पूर्वी मला सांगितली होती तशी.

मग एका सकाळी, थंडीचे दिवस होते, चहा पिता पिता ते म्हणाले, "औशाकडं जाऊ."

"कामून?"

"आता काय, दिसणार तर न्हाईच. मग जायला काय हरकत हाय?"

मी कप विसळून ठेवले आणि सायकल बाहेर काढली.

आम्ही निघालो. तुरीची कापणी चालली होती. औसा मागं पडेपर्यंत ते नेहमीसारखे विचारत होते, डाव्या हाताला काय, पुढं चढ आला का. नंतर माझ्या पायाला ओझं वाटू लागलं. त्यांचे पाय नुसते पायडलबरोबर फिरत होते, त्यात जोर नव्हता. "थांबू का?" मी विचारलं. "चल," म्हणाले.

नवं गाव रस्त्यापासून दिसलं, सारख्या घरांच्या सरळ ओळी. जुन्या गावाच्या जागी वेड्या बाभळी माजल्या होत्या. कामाचे दगड लोकांनी कधीच उचलून नेले होते. मी सांगत होते, पण सांगण्यासारखं काही नव्हतं. तिथं एक बाई शेळ्या चारत होती, साधारण माझ्याच वयाची. तिनं विचारलं, "कोण गावचे म्हणावं?"

"इथलाच," हे म्हणाले. "शिंप्याचा पोरगा."

बाई जागच्या जागी थांबली. मग जवळ येऊन यांच्या तोंडाकडं बघत राहिली. "दादा, मला वळखलं न्हाई? तुमच्या बहिणीच्या बाकावर बसायची मी."

त्यांना दिसत नाही, हे मी तिला हळूच सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला. मग तिनं न विचारताच सांगितलं. "त्या रात्री गणपती बुडवून आल्यावर तुमची बहीण आमच्या वस्तीवर आली होती, जेवली, लई हसली. आमची वस्ती शेतात, कुडाची होती, म्हणून आम्ही वाचलो. मी म्हणले, ऱ्हा आज हितंच. तर न्हाई म्हणली. आई वाट बघंल म्हणली."

बाईनं यांना हात धरून थोडं पुढं नेलं, म्हणाली, "हितं असंल तुमचं घर. नक्की न्हाई सांगता येत." त्यांनी खाली बसून तिथल्या मातीवर तळवा टेकवला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला. मी पाणी दिलं, ते घेतलं नाही.

परतीच्या वाटेवर सगळा चढ मीच ओढला. घरी आल्यावर पलंगावर बसून ते म्हणाले, "मला वाटलं होतं, दिसत न्हाई म्हणून सोपं जाईल. पण बाकीचं पुसलं ना, की तेवढंच उरतंय. कंधारचं पाणी मला आठवावं लागतं. ती सकाळ आठवावी लागत न्हाई."

त्यानंतर ते सायकलवर बसले नाहीत. मी दोन-तीनदा विचारलं, आग्रह केला, एकदा चिडलेही. "पुढच्या रविवारी," एवढंच म्हणायचे. पुढं मी विचारणं सोडलं. त्यांना घेऊन जाण्यात माझी काही चूक झाली का, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. ते मात्र मला तसं कधी म्हणाले नाहीत.

ती बाई कधी दवाखान्याला, कधी बाजाराला लातूरला आली की आमच्याकडं येते. मी चहा ठेवते. बाहेरच्या खोलीत दोघं बोलत असतात, खरं तर तीच बोलते. शाळेतली भांडणं, चिंचा, शाळेतल्या बाईंनी दिलेला मार. नणंदेला मी कधी पाहिलं नाही. तिची फार थोडी ओळख मला झाली, ती या बोलण्यातून. मागच्या खेपेला ती बाई दमून म्हणाली, "दादा, आता नवं काई उरलं न्हाई सांगायला."

"मग जुनंच सांग," ते म्हणाले.