आधी सिस्टरला, मग मला

"बर्जर्स डिसीज," डॉक्टर म्हणाले. माझ्याकडे न बघता ते यांच्या पायाकडे बघत होते. उजव्या पायाचं करंगळीशेजारचं बोट काळं पडलं होतं. अमरावतीच्या या दवाखान्यात येण्याआधी अकोल्याला घरी दोन महिने आम्ही काटा मोडून चिघळलं असेल म्हणून त्याला हळद-तेल लावत बसलो होतो.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. बर्जर्स म्हणजे पायाच्या बारीक रक्तवाहिन्या सुजतात आणि आतून बुजतात. रक्त पोचेनासं झालं की तिथलं मांस मरतं, त्याला गँगरीन म्हणतात. चालताना पोटरीत गोळा येतो, झोपलं की पाय जळतो, अशी याची सुरुवात. तुमच्या घरात बिडी ओढणारं कोणी असं म्हणत असेल तर आमच्यासारखं तेल चोळत बसू नका.

"हे बोट काढावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "पाय राहायचा की नाही, ते मी नाही ठरवणार, हे ठरवतील. आजपासून एकसुद्धा बिडी नाही."

हे तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. अकोल्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत फिटर. पाय गेला असता तर कामही गेलं असतं. मी म्युनिसिपालटीच्या शाळेत तिसरीला शिकवत होते आणि आमची लता सहा वर्षांची होती. तिला आईकडे ठेवून, शाळेतून रजा काढून मी अमरावतीला भावाच्या घरी राहिले आणि तिथून दवाखान्यात डबा नेऊ लागले.

बिडी सोडा म्हणून मी लग्नापासून बारा वर्षं सांगत होते. रडून, अबोला धरून, बंडल चुलीत घालून. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. दीक्षेनंतर आमच्या घरातले देव गेले, यांची दारू गेली, बिडी तेवढी राहिली. "पंचशीलात बिडीचं नाव कुठी हाये, दाखव," म्हणायचे. जिनात कापूस पेटेल म्हणून बिडी-काडी गेटवरच ठेवून आत जावं लागे. ते मी बरोबर पकडायचे. "जिनात आठ घंटे बिडी नसते तवा नाही मरत तुमी! मंग घरीच काहून मरता?"

वॉर्डात सालोमी सिस्टर होत्या. तरुण, देखण्या असत्या तर माझ्या जळण्याला काही अर्थ तरी होता. पन्नाशीच्या, ठेंगण्या, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, चार खाटा चालल्या की धापा टाकायच्या. रोज सकाळी प्रत्येक रोग्याचा उजवा हात उचलून बोटांची टोकं हुंगायच्या. बिडीचा वास साबणानं जात नाही. वास आला तरी ओरडायच्या नाहीत. फक्त विचारायच्या, "काल किती वेळा आठवण झाली?"

तिसऱ्या दिवशी त्यांनी यांना विचारलं, "जिनात आठ तास कसे काढता हो तुम्ही?"

"तिथं कापूस असते ना बाई."

सिस्टरनी कपाटातून निळ्या कागदातला ड्रेसिंगचा अख्खा रोल आणला आणि यांच्या उशाशी ठेवला. "हा घ्या कापूस. आता हेही जिनच समजा."

हे हसले. आणि त्या दिवसापासून बिडी बंद.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुद्दा माझा होता! बारा वर्षं मी घसा फोडून तेच सांगत होते. पण म्हणतात ना, पिकतं तिथे विकत नाही. यांचा पाय वाचणार म्हणून आनंद व्हायला हवा होता, आणि मी स्टुलावर बसून संत्री सोलत जळत होते.

बोट काढलं. जखम बरी दिसू लागली. मी डबा घेऊन जायची तर सिस्टर खाटेशी उभ्या आणि हे बोलताहेत, भडाभडा. मला बघितलं की गप्प.

"काय बोलून राहिले होते?"

"काई नाई."

एके दुपारी सिस्टर सगळ्या वॉर्डासमोर म्हणाल्या, "नऊ नंबर म्हणजे माझा शहाणा मुलगा." हे लाजले. माझ्यासमोर ते कधी असे लाजले नव्हते.

दुसऱ्या दिवशी बाजारातून जाताना मी यांची नेहमीची बिडी घेतली, एक बंडल आणि काडेपेटी. संत्र्यांच्या पिशवीत तळाशी घातली आणि पिशवी खाटेखाली ठेवली. मनाला सांगितलं, परीक्षा घेते. बाईसाठी सोडली की मनापासून, ते कळू दे. खरं कारण ते नव्हतं. यांचा नेम त्या बाईच्या हातात मोडावा आणि यांनी माझ्याकडे परत यावं, असं मला वाटत होतं. पणाला यांचा पाय होता, हे मला ठाऊक होतं. तरी ठेवली.

पुढच्या सकाळी मी तिथेच होते. सिस्टरनी यांची बोटं हुंगली आणि हात हळूच खाली ठेवला. "कोणी दिली?"

"भेटाले आला होता एक जण," हे म्हणाले आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. दोन ओढल्या होत्या. मी डबा उघडून वाढायला घेतलं.

आठवड्यात शेजारचं बोट काळं पडू लागलं. तेही काढावं लागलं. त्या दोन बिड्यांमुळे गेलं असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मी विचारलं नाही. अजून कुणालाच विचारलेलं नाही.

त्या दिवशी मी सिस्टरच्या मागोमाग ड्रेसिंगच्या खोलीत गेले आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता ही मला दवाखान्यातून हाकलणार. त्यांनी चष्मा पुसला.

"मला माहीत आहे. मी बोटं हुंगली त्याच संध्याकाळी त्यांनी सांगितलं. वर म्हणाले, मला कळलंय हे तिला कळू देऊ नका. ती रडत बसेल."

मी लाजेनं मेले, पण त्याच्याही आधी मनात आलं, हेसुद्धा आधी हिलाच सांगितलं! आणि ते तोंडातून निघालंच. "बारा वर्सं मी यांची बायको हाओ. मले काहून नाही सांगत?"

"मी रडत नाही म्हणून," सिस्टर म्हणाल्या. "तुमच्यापुढे एक ओढली म्हटलं की घरात सुतक. मग माणूस लपवतो, आणि लपवायला लागला की दुसरीही ओढतो. उद्यापासून तुम्ही विचारा. पण येईल ते उत्तर ऐकून घ्यायचं."

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "लताचे बाबा, आज किती डाव आठोन आली?"

हे माझ्याकडे वळले. म्हणाले, "चार डाव. एक डाव तं उठूनच बसलो. बाहेर कोणी तरी ओढत होता, वास आला."

मी ओठ दाताखाली धरला. "मंग?"

"मंग काय. बसलोच तसा."

भेटीची वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत आम्ही बोललो. बिडीबद्दल आम्ही न भांडता बोललो, ते लग्नानंतर पहिल्यांदाच.

दोन बोटं गेली, पाय राहिला. निघताना हे सिस्टरच्या पाया पडले. मीही आभार मानले, आणि ते खरे होते, जरा जिवावर आलं होतं एवढंच. तुमच्या घरी कोणाची बिडी सोडवायची असेल तर माझी बारा वर्षं वाया गेली तशी घालवू नका. सोडा, सोडा म्हणू नका. आज कसं गेलं ते विचारा, आणि खोटं बोलावं लागू नये इतपत शांत राहा.

दोन वर्षांनी हे चांदूर रेल्वेला एका लग्नाला गेले होते. संध्याकाळी परतले ते चपला न काढताच दारात उभे राहिले.

"लताची माय, आज एक ओढली."

माझी नजर यांच्या पायाकडे गेली. पण खोटं कशाला सांगू, पायाची भीती वाटायच्या आधी मला आनंद झाला होता. सालोमी सिस्टर तिकडे अमरावतीत होत्या, आणि यांनी हे आधी मला सांगितलं होतं.

मी पोळी तव्यावरून उतरवली. म्हटलं, "बसा. अन् एकावर थांबले कसे, ते सांगा आधी."