विद्यानगरच्या टाकीला चुना

१९ ऑगस्ट १९८६, सकाळचे साडेआठ. हुबळीच्या धावपट्टीलगतच्या हवामान कचेरीच्या गच्चीवर मी उभी होते आणि खाली माझी पिशवी भरून तयार होती. त्याच दुपारी तीन वाजता मुंबईच्या एका संशोधन संस्थेत माझी मुलाखत होती. मुलाखतीची तार आदल्या संध्याकाळी केशवापूरच्या घरी आली, तेव्हा मुंबईची बस सुटून गेली होती. उरले होते सकाळचे अठरा आसनी विमान. ते नऊच्या सुमारास मुंबईहून येई आणि अर्ध्या तासाने परत जाई. विमान कंपनीच्या स्थानिक व्यवस्थापकांनी तिकीट रात्रीच घरी पोचवले होते.

विमान उतरणार की नाही, हे मी कळवलेल्या आकड्यावर ठरणार होते. ही वेळ पगाराच्या तंट्यामुळे आली होती.

कंपनीकडे तीन विमाने आणि बराच तोटा होता. वैमानिकांनी भत्त्याचा काही भाग तात्पुरता सोडावा, अशी विनंती वरून आली. तात्पुरता म्हणजे किती, असे वैमानिकांनी विचारले. हा प्रश्न सहकार्याच्या भावनेला धरून नाही, असे त्यांना कळवण्यात आले आणि कपात लागू झाली. वैमानिकांनी संप केला नाही. त्यांनी नियम पाळायला सुरुवात केली.

नियम असा होता की दृश्यमानता पाच हजार मीटर असेल तर उतरावे. त्याहून थोडी कमी असल्यास वैमानिकाने स्वतःच्या विवेकाने ठरवावे. पावसाळ्यात आमच्याकडे ती बहुधा थोडी कमीच असे आणि वर्षानुवर्षे विवेकावर विमाने उतरत असत. एका कॅप्टननी, जे मूळचे कोल्हापूरकडचे होते, कचेरीत चहा पिताना मला नवी परिस्थिती समजावली.

"बाई, विवेकाचा भत्ता कापलाय. मग विवेक फुकट कसा वापरायचा? तुम्ही पाच म्हणा, मी उतरतो. चार म्हणा, मी मुंबईला जाऊन जेवतो."

दृश्यमानता मोजायला यंत्र नव्हते. ठरलेल्या अंतरावरच्या खुणा असत. त्यांपैकी दिसणारी सर्वांत लांबची खूण शोधायची आणि तिचे अंतर लिहायचे. आमच्या यादीत गिरणीचे धुराडे चार हजारांवर आणि उणकलच्या बाजूची टेकडी सहा हजारांवर होती. मध्ये काहीच नव्हते. हवा साडेपाच हजारांपर्यंत स्वच्छ असली, तरी नोंद चार हजारांचीच होई आणि विमान डोक्यावरून परत जाई.

मी नकाशावर मोजून विद्यानगरच्या बाजूची एक जुनी पाण्याची टाकी सुचवली. तिचे अंतर पाच हजार होते आणि शेवाळाने ती काळी पडली होती, म्हणजे उजळ आकाशासमोर खूण म्हणून उत्तम. वरिष्ठांची मंजुरी आली. व्यवस्थापक इतके आनंदले की त्यांनी नगरपालिकेची परवानगी काढून, मला न विचारता, टाकीला चुना लावून घेतला.

"पांढऱ्या ढगापुढे पांढरी टाकी दिसणार कशी?" मी म्हणाले. "डांबर लावायला हवं होतं."

"काय हो अक्का, लग्नघराला कुणी डांबर लावतं का? चुना लावला की घर चार गल्ल्यांवरून दिसतं. आणि डांबर महाग. सध्या काटकसर आहे की हो."

तर त्या सकाळी धुराडे स्वच्छ दिसत होते. टेकडी दिसत नव्हती. टाकीच्या जागी आकाश होते. ती काळी असती तर दिसली असती, याबद्दल मला फारशी शंका नव्हती. पण मला काय दिसले ते लिहायचे होते. मी खाली येऊन चार हजार लिहिले आणि टॉवरला कळवले.

व्यवस्थापक माझ्या पिशवीकडे बघत होते.

"अक्का, परत एकदा बघून या. चष्मा पुसा."

"मला चष्मा नाही."

"मग करून घ्या. नोकरी तुमची जातीय, माझी नाही."

मी परत जाऊन पाहिले. टाकी नव्हती.

विमान वर आल्यावर व्यवस्थापकांनी टॉवरमधल्या अधिकाऱ्यांना गळ घातली, तेव्हा रेडिओवरून निरोप गेला की हवामानवाल्या बाई स्वतः प्रवासी आहेत, दुपारी त्यांची मुलाखत आहे. कॅप्टन तेच होते, कोल्हापूरकडचे.

"बाईंना नमस्कार सांगा," ते म्हणाले. "इंधन आहे तोवर घिरट्या घालतो. पाच झाले की लगेच कळवा."

ते वीस मिनिटे घिरट्या घालत राहिले. नियमात तेही बसत होते. मी तीनदा गच्चीवर गेले आणि तीनदा तोच आकडा कळवला. मग आवाज वायव्येकडे सरकत गेला आणि थांबला. व्यवस्थापकांनी माझ्या तिकिटावर 'रद्द' असा शिक्का मारला आणि कंपनीतर्फे दिलगिरी व्यक्त केली.

माझी पाळी संपली होती. सहकारी येऊन बसले होते. पण जायला कुठे नव्हते, म्हणून पुढची नोंद मीच घेतली. सकाळचे साडेनऊ. वारा पश्चिमेचा, पाऊस नाही, दृश्यमानता ६००० मीटर.