ताईतासोबत फेकलेलं बोलणं

आमच्या वस्तीनं धर्म बदलला, त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या वहिनीला तिसऱ्यांदा दिवस गेले. आधीचे दोन्ही गर्भ पडले होते. ती पांढरीफटक दिसायची, मालकाच्या शेतात निंदताना धाप लागून मध्येच बसायची आणि कुणाचं लक्ष नसलं की चुलीची भाजलेली माती खायची.

पवनारजवळच्या त्या वस्तीत चळवळीची पत्रकं मोठ्यानं वाचून दाखवणारा मी एकटा. घरातले देव मीच धाम नदीत सोडले होते. त्यामुळे म्हातारी दाई वहिनीच्या दंडाला ताईत बांधायला आली, तेव्हा मी तिला दारातच अडवलं.

"ताईत राहू दे बाबू, पन आयक," ती म्हणाली. "इच्या पोटात किडे हायेत. रक्त पिऊन राह्यले. नाई तं माती काऊन खाते हे? दवाखान्यात ने इले."

"पोटात किडे अन् मानेवर भूत! अजून काय काय हाये तुह्या पोतडीत, आजी?"

सगळे हसले. "हास बाबू. बाळंतपनं तुह्या कागदानं नाई केली, म्या केली."

मी तिच्या हातातला ताईत घेऊन उकिरड्यावर फेकला. वहिनी हडकली ती मालकाच्या अपुऱ्या मजुरीमुळे, असं जळजळीत पत्रक लिहिलं. ते खोटं नव्हतं. पण तिनं विचारलं, "भाऊजी, दाखवून येऊ का वर्ध्याले?" तेव्हा मी म्हणालो, "त्या म्हातारीच्या नादी लागू नका."

आठव्या महिन्यात मूल मेलेलं जन्मलं. वहिनीला बैलबंडीत घालून वर्ध्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिची पापणी ओढून पाहिली, शौच तपासायला पाठवलं. मग म्हणाल्या, "जंत आहेत. बायका जिथं परसाकडे बसतात, तिथल्या ओल्या मातीतून अनवाणी पायात शिरतात. आतड्याला चिकटून रक्त पितात. आईच्याच अंगात रक्त नाही, तर पोटातल्या जिवाला कुठून मिळणार? आधी का नाही आणलं?"

भावानं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. तिथं वहिनीचे अनवाणी, भेगाळलेले पाय होते.

"निंदन चालू होतं बाई," वहिनी क्षीण आवाजात म्हणाली. "मीच नाई आली."

वस्तीभर मोठ्यानं वाचणाऱ्या मी तिला खोटं बोलू दिलं.