शेवटच्या प्रकरणाला हात मोकळे

इंदूचा फोन दुपारी चारला यायचा. त्या दिवशी तो सकाळीच आला. मी अकोल्याला, आमच्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. फोनवर तिचं नाव पाहिलं आणि वाटलं, हिला दवाखान्यात करमत नसणार, आताच ऐकायचं असणार. हात पदराला पुसले, फळीवरचं पुस्तक काढलं, खुणेचं पान उघडलं आणि म्हणाले, "हं, बोल वं. वाचू का शेवटलं?" पलीकडून तिच्या सुनेचा, रूपालीचा आवाज आला. "मावशी, आई गेल्या. पहाटे." मी "बरं" म्हणाले. अशा वेळी माणूस काहीही बोलून जातो. फोन ठेवला तरी त्या पानावरचं माझं बोट निघत नव्हतं. कादंबरीचं एकच प्रकरण राहिलं होतं.

या गोष्टीला दीड महिना होत आला. इंदू म्हणजे अमरावतीची, अंबागेटच्या आतली फुलवाली. तिचे वडील फुलवाले, सासरेही फुलवाले, त्यामुळे लग्नानंतर तिला फक्त गल्ली बदलावी लागली. मी त्यांच्या शेजारच्या कारकुनाची मुलगी. आमची मैत्री जमली ती एका सोयीमुळे. हार ओवणाऱ्याचे हात अडकलेले आणि कान रिकामे असतात. माझे हात रिकामे आणि तोंड कधीच बंद नसायचं. दुपारी तिवशाकडून झेंडूची पोती यायची, तिची आई ओल्या गोणपाटावर फुलं पसरायची, आणि भिंतीला टेकून मी वाचनालयातून आणलेली कादंबरी मोठ्यानं वाचायची. कादंबऱ्या कसल्या, त्यांच्या मुखपृष्ठावर एक लांब केसांची मुलगी आणि तिच्या मागे धूसर असा एक उंच पुरुष. घरी मी त्या भूगोलाच्या वहीखाली लपवून नेत असे. इंदूच्या घरी मात्र उघड वाचन चाले, आणि तिची आईही मधूनच विचारी, "मंग त्या पोरीनं काय म्हटलं?"

अशाच एका दुपारी ते वरमालेचं प्रकरण घडलं. लग्नसराई होती आणि मी शेवटच्या पानांवर आले होते. नायक माफी मागत होता. इंदू वरमाला ओवत होती, डोळे माझ्याकडे, सुई आपली चाललेली. माला पूर्ण झाली, तिनं खाली गोंडा लावला आणि वरची गाठ मारायचीच विसरली. संध्याकाळी मंगल कार्यालयात नवरीनं नवरदेवाच्या गळ्यात माला घातली आणि निशिगंध, गुलाब सगळा ओघळून त्याच्या बुटांवर आला. हातात नुसता दोरा. नवऱ्याकडच्या बायका अपशकुन अपशकुन करू लागल्या. इंदूचे वडील, आप्पा, स्वतः दुसरी माला घेऊन धावत गेले, हात जोडून आले. घरी आल्यावर ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "ध्यान कुठी होतं?" इंदू म्हणाली, "लगन लागून राह्यलं होतं, आप्पा." "कोनाचं?" "पुस्तकातलं."

आप्पांनी कपाळावर हात मारला आणि त्या दिवसापासून घराला नियम पडला. शेवटच्या प्रकरणाला हात मोकळे. सुई गादीला टोचायची, हात धुऊन पुसायचे, मांडीवर ठेवायचे, मगच वाचायचं. आप्पा गेले, मी लग्न होऊन अकोल्याला गेले, पण इंदूनं तो नियम मोडला नाही. बरं, ते मालेचं जोडपं पुढे राजापेठेत सुखानं नांदलं. इंदू त्यांची खबर मुद्दाम ठेवायची. "नातू झाला त्याईले," असं तिनं मला फोन करून सांगितलं होतं, जसा तो तिचाच नातू.

तिचा नवरा लवकर गेला. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, आणि मी विचारलं नाही. दुकान सांभाळलं, मुलाला वाढवलं, सून आणली, आणि या सगळ्यात वाचनालयाचं पुस्तक गल्ल्याशेजारी पालथं पडलेलं असायचं. लोक हसायचे. या वयात, असल्या बाईनं, प्रेमाच्या गोष्टी वाचाव्यात? एकदा दुकानात एका गिऱ्हाईक बाईनं माझ्यादेखत तिला विचारलंच. इंदू मान वर न करता म्हणाली, "बाई, माह्याकडे लोक दोनच कामाले येतेत. लगनाले नाई तं मयताले. मयताचे हार रोजच हातातून जातेत माह्या. वाचाले तरी लगन असू द्या." बाईनं पैसे मोजून हार घेतला.

पण भोळेपणानं वाचणारी ती नव्हती. नायिकेला कामधंदा पाहिजे, ही तिची पहिली अट. "नुसती गच्चीत उभी राहते. कपडे कोन वाळू घालते मंग?" नायकानं पुष्पगुच्छ दिला की तिचं डोकं फिरायचं. रबर बांधलेली फुलं म्हणजे प्रेम नव्हे, घाई आहे, असं तिचं म्हणणं. मला शेवटचं पान आधी बघायची खोड आहे, आणि त्यावरून आमची भांडणं व्हायची. मी म्हणायची, लग्नच होणार आहे ना शेवटी, मग आधी बघितलं तर काय बिघडलं? ती म्हणायची, "होनारच हाय म्हनून तं दमानं जाचं. तुले कोनती गाडी पकडाची हाय?"

मग तिच्या डोळ्यात शुगर उतरली. आधी अक्षरं फुटली, मग ओळी गेल्या. फुलं बोटांना कळत होती म्हणून ओवणं चालू राहिलं, वाचन मात्र संपलं. त्या दिवसांत तिचा आवाज मला फोनवर ओळखू येत नसे. मुलानं मोबाइलवर ऑडिओबुकं घालून दिली. त्यात प्रेमाच्या कादंबऱ्या तिच्या आवडीच्या नव्हत्या, नटनट्यांची, खेळाडूंची आत्मचरित्रं भरपूर होती. इंदूनं ती एकामागून एक ऐकली आणि रोज चारला फोन करून मला त्यांचा निकाल सांगायला लागली. तिला पुन्हा तिचा आवाज सापडला तो असा, दुसऱ्यांच्या चुका काढता काढता.

एका खेळाडूचं पुस्तक दुसऱ्याच कोणी वाचलं होतं, गोड, घोटीव आवाजात. ते तिनं तासाभरात बंद केलं. "मयताले भाड्यानं रडाले बाई आनावं, तसं वाटते व ते. सोताचं सोता वाचाले काय धाड भरली?" एका नटाचं मात्र त्यानं स्वतः वाचलेलं होतं, आणि त्याच्यावरचा तिचा शेरा मी विसरणार नाही. "गरिबी कशी चावून चावून सांगते. वडापाव अर्धा खाल्ला, फुटपाथवर झोपला. अन् बायको सोडून गेली ते एका घोटात गियून टाकलं. मंदे, मानूस जिथून पटकन पुढं जाते ना, तिथंच त्याची गोष्ट असते." मला तिचा नवरा आठवला. तिलाही आठवला असावा, कारण तीही लगेच झेंडूच्या भावावर आली.

एक जुनी नटी तेवढी तिला आवडली. ती अडखळत वाचायची, पान उलटल्याचा आवाज यायचा, आईच्या आजारपणाशी येऊन तिचा गळा दाटला होता आणि तो भाग कापलेला नव्हता. "आवाज अडकला तिथं खरं," इंदू म्हणाली. "पन आत्मचरित्राची एक खोट हाय. सांगनारा जिता असते, त्याले शेवट कुठून माहीत असनार? अर्ध्यावरच उठून जाते. मले बाई कादंबरीच बरी." मग म्हणाली, "तू वाचशीन का... पयल्यावानी?"

तेव्हापासून आमचं सुरू झालं. वाचनालय मोडीत निघालं होतं, मी अकोल्याच्या रद्दीवाल्यांकडे फिरून तसल्याच मुखपृष्ठांची पुस्तकं गोळा केली. चार वाजता मी खुर्चीत, ती अमरावतीत गोणपाटासमोर. मी भरभर वाचलं की तिकडून यायचं, "अव, दम घे." शेवटच्या प्रकरणाला ती सांगायची, "थांब, सुई ठेवू दे," आणि नळाचा आवाज मला फोनमधून ऐकू यायचा.

शेवटची कादंबरी एका नर्सची होती. इंदू खूश होती, नायिकेला कामधंदा होता. दोन प्रकरणं राहिली आणि इंदूच्या पायाची जखम चिघळून तिला दवाखान्यात ठेवलं. मी पुस्तक पिशवीत घालून अकोल्याहून एसटीनं गेले. तिच्या हाताला सलाईन होतं. चेहरा उतरलेला, पण मला म्हणाली, "ये व. त्या नर्सचं काय झालं?" मी वाचलं. प्रकरणाच्या शेवटी नायक भांडून निघून जातो आणि ती फाटकाशी उभी राहते. मी पान उलटलं. इंदू म्हणाली, "थांब." मला वाटलं, दमली. ती रूपालीला म्हणाली, "माह्या हातात काही दे." रूपालीच्या पर्समध्ये हाराच्या दोऱ्याचं रीळ होतं, ते फुलवाल्यांच्या घरातल्या बायकांच्या पर्समध्ये असतंच. इंदूनं सलाईन नसलेल्या हाताच्या बोटांवर दोरा गुंडाळला, अंगठ्यानं गाठी मारायला लागली. फुलं नाहीत, नुसत्या गाठी. "आता वाच," म्हणाली. "पन मांगलंच वाच. पुढलं घरी ऐकू."

मला सगळं कळलं. हात अडकलेले आहेत तोवर शेवटचं प्रकरण नाही, हे मला तिच्याइतकंच माहीत होतं. ती भ्यायली होती. आयुष्यभर मयताचे हार केलेली बाई भ्यायली होती आणि तिला आणखी थोडं जगायचं होतं, एवढंच ते होतं. मी मागचं प्रकरण पुन्हा वाचायला घेतलं आणि फाटकापाशी माझा आवाज अडकला. पाणी प्यायले. इंदूची मान माझ्याकडे वळली. "हे बेस वाचलं," ती म्हणाली.

त्यानंतर दोन दिवसांनी तो सकाळचा फोन आला. तिच्या अंगावरचा हार रूपालीनं ओवला होता. मी गेले तेव्हा बघितलं, गाठ पक्की होती.

पुस्तक घरी तसंच पडलं. शेवट बघायची खोड असलेली मी, पण ते पान उघडवेना. वाचावं तर कोणासाठी, आणि न वाचता ठेवावं तर इंदू तिकडे फाटकाशीच उभी राहिल्यासारखी वाटे. तेरवी होऊन गेली, लग्नसराई लागली, आणि गेल्या आठवड्यात काही कारण नसताना मी अमरावतीला गेले. पुढच्या खोलीत तेच ओलं गोणपाट, भिंतीशी इंदूचा पाट, त्याच्या वर मोबाइलच्या चार्जरची वायर लोंबकळत होती. पाटावर कोणी बसत नाही. त्याच्याजवळ खाली बसून रूपाली वरमाला ओवत होती. मी टेकले, चहा झाला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग ती ओवता ओवताच म्हणाली, "मावशी, ते पुस्तक आनलं का तुमी?"

मी म्हटलं, "तुला कसं गं माहीत, कुठवर आलं होतं ते?"

"फोन स्पीकरवरच राहे ना. मी बी इथंच राहो." तिनं दोरा दातानं तोडला. "त्या नर्सकडे तो वापस येते का नाई? माह्या डोक्यातून जाऊनच नाई राह्यलं ते."

पुस्तक मी निघताना पिशवीत टाकलंच होतं. मी ते काढलं, खुणेचं पान उघडलं. रूपालीनं मालेची वरची गाठ मारली, दोनदा ओढून पाहिली, सुई गादीला टोचली. मग उठून नळावर गेली. पाण्याचा आवाज आला. परत येऊन तिनं हात पदराला पुसले, पाटाशेजारी मांडी घालून बसली आणि दोन्ही रिकामे हात मांडीवर ठेवले.

"हं," म्हणाली.

मी दम घेतला आणि वाचायला सुरुवात केली.