भाऊजी, आठ जीबी आणि लाल ठिपका

माझ्या ताईचा नवरा जन्मतःच संशयी होता की नोकरीने झाला, यावर आमच्या घरात दोन तट आहेत. ताई म्हणते, जन्मतः. मी नोकरीला दोष देतो. एकतीस वर्षं भाऊजी विजेचे मीटर तपासत होते. लोकांच्या जिन्याखाली वाकायचं, टॉर्च मारायचा आणि सील कुणी तोडलंय का, आत कुणी तार घुसवलीय का, हे बघायचं. ज्या माणसाने एकतीस वर्षं दारोदार "साहेब, आम्हाला काहीच माहीत नाही" हे एकच वाक्य ऐकलं, त्याचा कुणावर विश्वास उरला असता तरच नवल.

निवृत्त झाल्यावर मीटर संपले, तेव्हा ते घर तपासू लागले. औषधाच्या गोळ्या मोजतात. फ्रिजचं दार लावल्यावर आतला दिवा विझतो का, हे पाहायला त्यांनी एकदा मोबाइलवर चित्रीकरण चालू करून तो आत ठेवला. दिवा विझत होता. तरी भाऊजींचं म्हणणं, मोबाइल आत आहे हे त्याला कळलं असणार.

अशा माणसाचा एकच हळवा कोपरा होता, तो म्हणजे नात. ती दूरच्या शहरात, वय वर्षं दहा. रोज दुपारी चार वाजता भाऊजी लॅपटॉपवरून तिला गणित शिकवत. लॅपटॉप बारा वर्षांचा. पहिली पंधरा मिनिटं बरी जात, मग अपूर्णांक आले की पडद्यावर नात थिजायची. तोंड अर्धवट उघडं, पेन्सिल हवेत. भाऊजी बिचारे "ऐकू येतंय का" करत बसायचे. शेवटी लेकीने फोनवर सांगून टाकलं, "बाबा, सोमवारपर्यंत बघा. नाहीतर मी तिला इथेच शिकवणी लावते."

भाऊजी दोन घास कमी जेवले. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप बगलेत मारून, ताईला आणि मला साक्षीदार म्हणून घेऊन ते दुरुस्तीच्या दुकानात गेले.

दुकान एका बाईंचं होतं. कपाळावर भिंग, हातात पेचकस, बोलणं मोजकं. त्यांनी लॅपटॉप उलटा करून उघडला आणि निदान सांगितलं की मेमरी अपुरी आहे. आत दोन खाचा आहेत, दोन्हींत दोन-दोन जीबीच्या पट्ट्या. त्या काढून चार-चारच्या घाला. आठच्या पुढे हा जाणार नाही.

"का नाही जाणार?" भाऊजींनी विचारलं.

बाईंनी समजावलं की मदरबोर्डला तेवढंच मोजता येतं, बनवणाऱ्यांनीच ती मर्यादा घातलीय. आणि पट्टीही त्याच जुन्या प्रकारची, कमी व्होल्टेजवर चालणारी हवी. नव्या पट्टीची खाच वेगळ्या जागी असते, ती बसणारच नाही.

व्होल्टेज हा शब्द ऐकून भाऊजींचे कान टवकारले. त्या प्रांतात त्यांना कुणी शिकवायचं म्हणजे काय! बाहेर आल्यावर ते मला म्हणाले की बाई जुना माल खपवतेय. म्हणून आम्ही समोरच्या दुकानात गेलो. तिथल्या माणसाने लॅपटॉप न उघडताच सांगितलं, "सोळा घाला, बत्तीस घाला, पळेल." भाऊजी तडक बाहेर. इतक्या पटकन हो म्हणणारा माणूस त्यांनी आयुष्यात फक्त आकडे टाकून वीज चोरताना पाहिला होता.

मग त्यांनी तोडगा काढला. पट्ट्या बाईंनी सांगितल्या त्याच, पण आणायच्या आपण, तिसरीकडून. आणि बाईंनी बदलू नयेत म्हणून त्यांच्यावर खूण करायची. ताईचं लाल नेलपॉलिश घेऊन ते खिडकीशी बसले. मला बसू दिलं नाही, उजेड अडतो म्हणून.

शनिवारी बाईंनी पट्ट्या बसवल्या. बटण दाबलं. पडदा काळा आणि लॅपटॉप नुसता पिप् पिप् करतोय. जुन्या पट्ट्या परत घातल्या, निमूट सुरू झाला. पुन्हा नव्या, पुन्हा पिप् पिप्.

भाऊजी खुर्चीतून उठले. तो जिन्याखालचा आवाज मी कित्येक वर्षांनी ऐकला. "बाई, पट्ट्या बदलल्यात."

ताईने कपाळाला हात लावला. बाई मात्र शांत. त्यांनी नवी पट्टी काढली, भिंगाखाली धरली आणि बराच वेळ पाहिली. मग भिंग भाऊजींच्या हातात दिलं.

"तुम्ही मीटर तपासायचात म्हणे. असा मीटर सापडला असता तर कुणाला धरलं असतं?"

भाऊजी वाकले. पट्टीच्या कडेला सोनेरी दातांची ओळ असते, तिथूनच ती लॅपटॉपशी बोलते. त्या दातांवर मधोमध गोल, घट्ट, लाल ठिपका होता. वरचं लेबल कुणीही बदलेल, दात कोण बदलणार, असा त्यांनी विचार केला होता. दुसऱ्या पट्टीवरही तसाच, जरा जास्तच मायेने दिलेला.

"मालकाला," भाऊजी म्हणाले. मग हळूच म्हणाले, "मला काहीच माहीत नव्हतं."

ताई इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. मग तिनेच पर्समधून नेलपॉलिश काढायची बाटली दिली. बाईंनी कापसाच्या काडीने एकेक दात पुसला, वाळवला, पट्ट्या बसवल्या. आठ जीबी, पडद्यावर स्पष्ट लिहून आले. भाऊजींनी ते दोनदा वाचलं आणि बाईंना नमस्कार केला. असा नमस्कार त्यांनी वरिष्ठांनाही कधी केला नव्हता.

सोमवारी चार वाजता तास सुरू झाला. मी शेजारी बसलो होतो. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, लॅपटॉप झकास. भाऊजींनी खडूने पाटीवर अपूर्णांक काढले. तीन अष्टमांश अधिक एक चतुर्थांश किती?

नात थिजली. तोंड अर्धवट उघडं, पेन्सिल हवेत.

पण भाऊजी पडद्याच्या जवळ सरकले. डोळे बारीक केले. नातीच्या डोक्यामागे छताचा पंखा होता आणि तो व्यवस्थित फिरत होता.

गेले कित्येक महिने या लॅपटॉपवर किती आळ घेतले गेले होते, ते मला एकदम आठवलं. भाऊजींनी तोंड अर्धवट उघडलं, खडू हवेत धरला आणि तेही थिजले. आजोबा-नात एकमेकांसमोर पुतळे होऊन बसले. मिनिटभराने पडद्यावरच्या पुतळ्याचा ओठ थरथरला, मग नाक, आणि मग पोरगी टेबलावर डोकं ठेवून खिदळायला लागली.

"आईला सांगणार?" तिने विचारलं.

"पाच अष्टमांश सांग, मग ठरवू," असं म्हणून भाऊजींनी उत्तरच फोडलं. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून सुटलेला हा पहिला चोर.