मी, सापऱ्यांचा जामीनदार

हिशेबखात्यात नोकरी केली की माणूस रुक्ष होतो, असा एक गैरसमज आहे. अहो, आमच्याइतके किस्से सेल्सवाल्यांकडेही नसतील! त्यांना ते गावोगाव फिरून गोळा करावे लागतात. आमच्याकडे खुर्चीत बसल्या जागी साठत जातात. रिटायर झाल्यापासून दर शनिवारी कोथरूडच्या एका हॉटेलात आम्ही जुनी मंडळी जमतो आणि चहा गार होईपर्यंत तेच ते किस्से उगाळतो. माझ्या प्रत्येक किश्शात शेजारच्या टेबलावरचे सापरे येतात. मी मुद्दाम आणत नाही. हा माणूस आयुष्यभर माझ्या मध्येच आलेला आहे!

*

आमची कंपनी भोसरीची, गाड्यांचे गिअर बनवणारी. मी नोकरीला लागलो तेव्हा मालकांना परदेशी प्रदर्शनाला जायचं असलं, तर चिमूटभर डॉलरच्या परवानगीसाठी मला मुंबईला हेलपाटे घालावे लागायचे. मग उदारीकरण आलं, दारं उघडली आणि पुण्यातल्या कारखानदारांना परदेशातले कारखाने विकत घ्यायचा नाद लागला. शेजारच्या शेडवाल्याने इटलीत काही घेतलं की आमच्या मालकांची झोप उडायची.

एक दिवस आमचे फायनान्सचे प्रमुख घाटपांडे साहेब केबिनबाहेर आले. म्हणाले, "आपण जर्मनीतला एक कारखाना घेतोय."

"पैसे?" मी विचारलं.

"पैसे कुठले? कर्ज! तिकडची बँक तिकडच्या कंपनीला देणार. आपण फक्त हमी द्यायची."

आमचा वानखेडे अमरावतीचा. त्याने पेन खाली ठेवलं. "म्हणजे कारखाना आपला, कर्ज त्याईचं, अन् त्याईनं नाही फेडलं तं पुन्हा आपल्याच बोकांडी?"

"अगदी बरोबर," साहेब म्हणाले. "यालाच ग्लोबल होणं म्हणतात!"

अशी हमी ताळेबंदात कर्ज म्हणून दिसत नाही. खाली तळटीप असते, बारीक अक्षरांत. पुढच्या काही वर्षांत आमचा नफा होता तेवढाच राहिला, तळटीप मात्र लांबत गेली.

*

आता जर्मनीला हिशेब बघायला कोण जाणार? मला खात्री होती. कारखान्याची बोलणी सुरू झाली त्याच महिन्यात मी संध्याकाळचा जर्मनचा क्लास लावला होता. पोराटोरांच्या बाकावर बसून 'हेर' म्हणजे श्रीयुत इथपासून क्रियापदांपर्यंत सगळं पाठ केलं होतं. सापऱ्यांना जर्मन सोडा, धड इंग्रजीसुद्धा येत नव्हतं!

साहेबांनी मला आत बोलावलं. "जोगळेकर, तुमच्यासारखा चोख माणूस कंपनीत दुसरा नाही."

"थँक्यू सर."

"म्हणून सापऱ्यांना पाठवतोय. तुम्ही गेलात तर इथलं कोण बघणार?"

एवढं कौतुक माझ्या आईनेही कधी केलं नव्हतं. आणि एवढी आग माझ्या अंगाची कधी झाली नव्हती.

*

सापरे आमच्याच सोसायटीत राहतात. आमच्या बरोबर वर. म्हणजे तिथेही वरच!

पहिल्या डिसेंबरात ते सुट्टीवर आले ते गुडघ्यापर्यंत लांब, तपकिरी चौकड्यांचा ओव्हरकोट घालून. एक बटण तुटलं होतं, तिथे सापरेवहिनींनी आपल्या स्वेटरचं हिरवंगार बटण लावून दिलं. असा तो कोट घालून सापरे स्कूटरवरून मंडईत भाजीला निघाले.

मी जिन्यात गाठलं. "काय सापरे, पुण्यात बर्फ कधीपासून पडायला लागला?"

"नाही हो," ते हसले. "म्हातारा विचारतो, घालता की नाही म्हणून. मला खोटं बोलता येत नाही."

म्हातारा म्हणजे जर्मनीतल्या कारखान्याच्या गेटवरचा वॉचमन. सापऱ्यांना विणलेल्या स्वेटरमध्ये कुडकुडताना बघून त्याने घरून आपल्या भावाचा कोट आणून दिला होता. सापरे त्याला रोज डब्यातली पोळीभाजी द्यायचे. आमच्या भोसरीच्या गेटवरच्या वॉचमनने मला आजवर सहीशिवाय काही मागितलं नाही आणि उशिरा आल्याचा शेरा सोडून काही दिलं नाही!

त्या दिवशी घरी येऊन मी हिची शाल खांद्यावर घेऊन आरशात बघितलं. हिने बघितलं आणि म्हणाली, "ताप आलाय का?"

*

आता जामिनाचं ऐका. सापऱ्यांनी तो वरचा फ्लॅट घेताना कंपनीतल्या कामगार पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं. आमच्याकडे पद्धतच होती, शेजारच्या टेबलावरच्याला जामीन राहायचं. मी राहिलो होतो. पुढे सापरे जर्मन कंपनीच्या पगारावर गेले, आणि पहिल्याच महिन्यात माझा पगार कमी आला!

मी पतसंस्थेच्या खिडकीवर गेलो. कारकून मान वर न करता म्हणाला, "कर्जदार इथल्या पगारपत्रकात नसला की हप्ता जामीनदाराकडून. नियम आहे."

"अहो, तो माणूस मेलेला नाहीये! जर्मनीत आहे!"

"आमच्या दृष्टीने दोन्ही सारखंच."

रात्री सापऱ्यांना फोन लावला. "अरेरे, जोगळेकर, चुकलंच! लगेच पाठवतो. युरोत चालतील का?"

मला एकदम ठसकाच लागला. पैसे त्यांनी पै न् पै पाठवले, वर चॉकलेटचा डबा. चॉकलेट कडू होतं. हिला आणि मुलांना मात्र फार आवडलं.

*

मग जगभर मंदी आली. गाड्या खपेनात, जर्मनीतल्या कारखान्याचे हप्ते थकले आणि तिकडच्या बँकेने हमीवर बोट ठेवलं. पैसे भोसरीतून भरा! बारीक अक्षरांतली तळटीप एका दिवसात ठळक झाली. घाटपांडे साहेब डोकं धरून बसले होते.

वानखेडे माझ्या कानाशी लागला. "आता आपली कंपनी जोगळेकर झाली!"

सापऱ्यांना परत बोलावलं. ते पुन्हा माझ्या शेजारच्या टेबलावर येऊन बसले. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, अगदी लख्ख. पण सापरे डबा उघडायचे आणि तसाच बंद करायचे. एकदा म्हणाले, "मी निघताना म्हाताऱ्याने विचारलं, परत येणार ना? मी हो म्हणून बसलो हो." तेव्हापासून मलाही माझा डबा गोड लागेना. याचासुद्धा मला रागच आला.

*

शेवटचा किस्सा मी सापरे असताना सांगत नाही. आज ते लेकीकडे वाघोलीला गेलेत.

साहेबांनी मला बोलावलं. "जोगळेकर, आता जर्मनीला तुम्ही जा."

"पण सर, इथलं कोण बघणार?"

"इथलं बघण्यासारखं काय राहिलंय?"

काम काय, तर कारखाना बंद करून जागा विकायची. त्या कागदांवर सह्या करायला माझी जर्मनी! आदल्या संध्याकाळी बेल वाजली. दारात सापरे, हातात तो कोट. "थंडी फार असते हो. न्या."

मी नको नको म्हणत घालून बघितला. इतक्या वर्षांची इच्छा! अगदी मापाचा होता, जणू माझ्यासाठीच शिवलेला.

तिथे पोहोचलो तर दाट धुकं. डोक्याला माकडटोपी, तोंडाला मफलर, बॅगेत ते कागद. गेटवरच्या खोपटातून एक म्हातारा बाहेर आला. डोळ्यांवर हात धरून त्याने कोट बघितला, हिरवं बटण बघितलं आणि लंगडत धावत आला. माझे दोन्ही हात त्याने धरले. तो काय बोलत होता ते मला शब्द न् शब्द कळत होतं. क्लासची फी वसूल झाली.

"हेर सापरे! मी सगळ्यांना सांगत होतो, ते परत येतील. ते असताना कारखाना बंद होणार नाही!" मग जरा थबकून त्याने माझ्या डोळ्यांत बघितलं. "तुम्हीच ना?"

"हो," मी स्वच्छ जर्मनमध्ये म्हणालो, "मी सापरे."